वस्तीच्या चाव्या

श्री

आपली वस्ती, चकलांबा
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

प्रिय भागवत यास पंडितचा रामराम.

इकडील सर्व खुशाल. सर्व म्हणजे मी, माझ्या दोन शेळ्या, भिवराबाई आणि आपापल्या दारात बसलेली चार-पाच म्हातारी माणसं. बाकी सगळी वस्ती तुझ्या टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेली. तेव्हा तिकडची खुशाली तूच कळवायची.

पत्र बघून तुला हसू येईल. खिशात मोबाईल असताना हा कागद कशाला खरडतोय म्हणशील. पण तुझी सवय मला माहीत आहे. माझा फोन आला की तू स्पीकर लावतोस आणि आजूबाजूच्या कोप्या-झोपड्यांतली सगळी मंडळी गोळा होतात. शहादेव विचारतो दाराला वाळवी लागली का, मंगल वहिनी विचारतात तुळशीला पाणी घालता ना, आणि माझं बोलायचं राहून जातं. सुग्रीव पिकअपमध्ये तुमच्यासाठी ज्वारी घेऊन निघालाय, त्याच्या हाती हे देतो. एकट्यानं वाच. दहावी झालेला मुकादम आहेस, त्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग होऊ दे.

आधी घरांची खबर, कारण तुम्ही सगळे तीच विचारता. तुझ्या घराचं मागचं कवाड पावसानं फुगलं होतं, ते रंधा मारून नीट केलं. छबुबाईच्या घरात मांजर व्यालीय, थेट पिठाच्या डब्यामागे. तिला सांगू नकोस. ती तिथून मांजरीला शिव्या देईल आणि त्या इथं मला ऐकाव्या लागतील. शहादेवच्या टीव्हीवर चादर टाकलीय. सकाळी एकेक घर उघडतो, झाडतो, जरा वारं खेळू देतो आणि संध्याकाळी दारोदार बल्ब लावत फिरतो. जाताना प्रत्येकानं हेच बजावलं होतं, घर अंधारात ठेवू नको. आता दिवस मावळताना लांबून कुणी आपली वस्ती बघितली तर त्याला वाटेल, घरोघरी चुली पेटल्यात.

तुम्ही निघालात ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. दरवर्षी ज्याची त्याची चावी कुणा तरी म्हाताऱ्याकडे ठेवून जायची आपली रीत. यंदा तू फर्मान काढलंस, सगळ्या चाव्या पंडितकडे. एकेक जण ट्रॅक्टरवर चढता चढता माझ्या हातात चावी ठेवत गेला. शेवटी तू पाठीवर थाप मारून म्हणालास, "आता तू वस्तीचा मालक, बे." सगळे हसले. मीही हसलो.

तू ते माझ्या भल्यासाठीच केलंस, हे मला कळतं. सरू गेली आणि मी अर्धा कोयता झालो. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे मी मुकादमाला काय शिकवायचं. अर्ध्याला कोण घेणार. निदान मागे राहून काहीतरी काम असावं, चार लोकांत मान असावा, असा तुझा विचार असणार. मागच्या हंगामात दिपाली पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे होती. घरात तान्हं रडत होतं, भिवराबाईची ये-जा होती, त्यामुळे वस्ती रिकामी झालेली मला कळलीसुद्धा नाही. यंदा लेक आष्टीला तिच्या घरी आहे. नातू रांगतोय म्हणे.

एक सांगायचं राहिलं. गुरुवारी मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जातो. कंबर धरलीय, तिथं शेक देतात. सकाळच्या गाडीनं जातो आणि दुपारच्या गाडीनं येतो. तेव्हा गुरुवारी फोन लागला नाही तर उगीच गावभर डांगोरा पिटू नकोस.

तिथल्या मॅडमनी मला विचारलं, जेवता कुणाबरोबर. आता कंबरेचा आणि जेवणाचा काय संबंध. पण त्यांनी सांगितलं म्हणून मी दुपारची भाकरी बांधून भिवराबाईच्या ओसरीवर नेतो आणि तिच्याबरोबर बसून खातो. म्हातारीला दात नाहीत, त्यामुळे तिचं जेवण संपेपर्यंत उन्हं कलतात. तेवढ्या वेळात ती वस्तीतल्या माणसांपैकी एकालाही शिव्या द्यायची सोडत नाही. तुझा नंबर रोज लागतो.

बाकी काही विशेष नाही. थंडी पडलीय, जपून राहा. कोयत्याला धार असू दे आणि जिभेला जरा कमी असू दे.

तुम्हा सगळ्यांच्या कुलपांचा राखणदार,
पंडित


आपली वस्ती
सोमवार, ६ जानेवारी २०२५

भागवत, रामराम.

मागच्या आठवड्यात मंगल वहिनींचा फोन आला तेव्हा तू शेजारीच होतास. तुझा खोकला मला ओळखू येतो. वहिनी जे बोलल्या ते तू ऐकलंस आणि एका शब्दानं त्यांना अडवलं नाहीस. म्हणून हे पत्र खुशालीचं नाही.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, सरूबाईचं वर्षश्राद्ध होऊन चार महिने न्हाई झाले, आन तुमी लोकांच्या घरात बाई आणता? कावून आसं केलं?"

मग तू फोन घेतलास आणि मुकादमाच्या आवाजात सांगितलंस, चाव्या शहादेवच्या चुलत्याकडे देऊन टाक.

काय घडलं ते मी सांगतो. शहादेवचा चुलता फवारणीचा पंप न्यायला तलवाड्याहून आला. न सांगता आला. मी शहादेवच्या घरात बसलो होतो. पुढ्यात चहाचे दोन कप होते, दोन्ही भरलेले, वाफा निघत होत्या. त्यानं आधी कपांकडे बघितलं, मग आतल्या खोलीत डोकावला, मग न्हाणीत. पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. कुणी सापडलं नाही, तेव्हा त्यानं ठरवलं की बाई मागच्या दारानं पळाली. शहादेवच्या घराला मागचं दार नाही, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. पंप घेऊन तो गेला आणि तलवाड्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना बातमी पुरवली. वर आणखी एक पुरावा जोडला, की पंडित दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याला जातो.

बातमी आष्टीलाही पोचली. दिपालीच्या सासूनं तिला विचारलं, तुझ्या वडिलांचं हे काय ऐकतोय. लेकीचा फोन आला. ती रागावली नव्हती, हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, आसलं कुणी तर मला सांगा. मी समजून घेईन." खरं सांगू, त्या पोरीच्या शहाणपणानं मला जास्तच कोंडल्यासारखं झालं. तिला काय सांगायचं. बाई नाही म्हणावं, तर दुसरा कप कुणाचा.

दुसरा कप शहादेवचा होता.

हस आता. शहादेव तिकडे तुझ्या फडात मोळ्या बांधत होता आणि मी इकडे त्याच्या घरात त्याच्यासाठी चहा ओतून त्याच्याशी बोलत बसलो होतो. म्हणत होतो, अरे तुझ्या हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय, चुलत्याला सांगून फवारून घे. तो काय उत्तर देईल तेही मला माहीत होतं. मग त्यावर मी बोलायचो.

हे एकदम सुरू झालं नाही. आधी नुसता झाडून निघायचो. मग एके दिवशी छबुबाईच्या ओट्यावर टेकलो आणि मांजरीशी बोललो. त्यात काही वावगं नाही, मांजरीशी सगळेच बोलतात. मग मांजर नसलेल्या घरातही बोलायला लागलो. एका घरात ऊसदराच्या गप्पा, एका घरात सोयरिकी, एका घरात नुसत्या शिव्या. दुपार कशी सरायची कळायचं नाही. फक्त कुलूप लावून बाहेर आलो की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि तो दगड पुढच्या घरात शिरेपर्यंत हलायचा नाही. माझ्या स्वतःच्या घरात मी बोलत नाही. तिथं बोललो तर सरूशी बोलावं लागेल, आणि ते मला जमत नाही.

तुझ्याही घरात मी कधी बसलो नाही. झाडलोट करतो आणि बाहेर येतो. का ते आज लिहीत नाही.

आता गुरुवारचं. माझी कंबर तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. तिथं शेक देत नाहीत. एक्स-रेच्या खोलीला लागून एक बारकी खोली आहे, तिथं गुरुवारी एक मॅडम बसतात. मनाचा इलाज करतात. आपल्या भाषेत वेड्यांच्या डॉक्टर. वेड्यांच्या नाहीत, हे मला तिथं गेल्यावर कळलं, पण वस्तीवर तेच म्हणतील. आपली आशाताई आहे ना, वनिता, ती मला पहिल्यांदा घेऊन गेली. कशी आणि का, तेही पुढं कधीतरी.

मॅडम दिपालीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, लेकीएवढ्या पोरीपुढं काय रडगाणं गायचं. मी अर्धा तास कुलपांबद्दल बोललो. कुठल्या कंपनीचं कुलूप पावसात गंजतं, कुठल्याची चावी अडकते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, या सगळ्या घरांमध्ये तुम्ही कुठं राहता. मी म्हटलं, माझ्या घरात. त्या म्हणाल्या, तिथलं तर तुम्ही काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर मी दर गुरुवारी जातो. गोळ्या थोड्या आहेत, बोलणंच जास्त. त्या अभ्यास देतात, शाळेसारखा. रोज एक जेवण माणसाबरोबर. आठवड्यातून एकदा चकलांब्याच्या हॉटेलात बसून चहा प्यायचा आणि शेजारच्याशी स्वतःहून बोलायचं. पहिल्यांदा बसलो तर हॉटेलवाला दोनदा विचारून गेला, कुणाची वाट बघताय. तिसऱ्यांदा मीच त्याला बसवून घेतलं. इस्त्रीचा शर्टसुद्धा अभ्यासातलाच. घरातून निघताना आपण माणसांत चाललोय असं कपड्यांना तरी वाटू द्या, असं त्या म्हणतात. दिपालीच्या लग्नातला शर्ट काढला. त्या शर्टानं माझं वाटोळं केलं.

बरं वाटायला लागलं होतं, भागवत. घरांमध्ये बोलणंही कमी झालं होतं. ज्या दिवशी तो चुलता आला, त्याच्या आधी आठवडाभर मी कुणाच्याच घरात टेकलो नव्हतो. त्या दिवशी टेकलो आणि सापडलो.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते तुम्ही ठेवलेत. बाई आणतो म्हणून कबूल करावं, तर चाव्या जातील, लेकीला सासरी खाली बघावं लागेल आणि सरूची बदनामी वेगळीच. मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगावं, तर उद्यापासून वस्तीवरचं पोर माझ्याजवळ कुणी येऊ देणार नाही, आणि पाडव्याला परत आल्यावर तुम्ही सगळे माझ्याशी हळू हळू, समजावल्यासारखं बोलाल. दोन्हींपैकी मला बाईच बरी वाटली. म्हणून मी वहिनींना काही बोललो नाही. लोकांनी बाहेरख्याली म्हटलेलं चालेल, वेडा म्हटलेलं चालणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या प्रथमच माझ्यावर चिडल्या. मग म्हणाल्या, एका तरी माणसाला खरं सांगा. एकालाच, पण सांगा.

तो एक तू. वाटल्यास सगळ्या टोळीला वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. चाव्या मात्र मी चुलत्याला देणार नाही. ज्यानं चावी माझ्या हातात ठेवली, त्यानं ती येऊन परत घ्यावी.

पंडित


आपली वस्ती
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय भागवत,

मागचं पत्र तू वाचलंस हे मला कळलं. सुग्रीवनं सांगितलं की पत्र घेऊन तू फडाच्या बांधावर गेलास आणि बराच वेळ आला नाहीस. त्यानंतर तू मला दोनदा फोन केलास. एकदा थंडीबद्दल बोललास, एकदा उसाचं वाळकं पाचट पेटल्याबद्दल. चाव्यांचं नाव काढलं नाहीस. दोन्ही वेळा तुझ्या मागे कुणाचा आवाज नव्हता, म्हणजे तू लांब जाऊन बोलत होतास. तेवढं लक्षात आलं माझ्या. पण तू पत्राबद्दल बोलला नाहीस आणि मीही बोललो नाही. पाचटाबद्दल इतका वेळ बोलणारी माणसं दुसरीकडे कुठं नसतील.

वहिनींचा फोन नाही. वस्तीवरची म्हातारी माणसंही माझ्याकडे बघून पदर आणि उपरणी सावरतात. एक भिवराबाई तेवढी पहिल्यासारखी आहे. तिनं मला सरळ विचारलं, बाई हाय का? मी नाही म्हटलं. तर म्हणाली, आसती तर बरं झालं आसतं.

भागवत, मी मागं दोन गोष्टी लिहायच्या टाळल्या. आज लिहितो. तू बसून वाच.

पहिली, तुझ्या घरात मी का बसत नाही ती. तुझ्या घरात बसलो असतो तर मी तुझ्याशी भांडलो असतो. अर्ध्या कोयत्याला टोळीत काम नसतं, हे खरं. पण दोन अर्धे मिळून एक कोयता होतो, आणि तो तू कितीदा जमवलास. मामा-भाच्याचा जमवलास, बाप-लेकाचा जमवलास. सुंदरबाई विधवा झाली तेव्हा तिला तिच्या भावाबरोबर जोडून नेलंस. माझ्यासाठी तुला कुणी सापडलं नाही, की तू शोधलंच नाहीस? आपण दोघांनी पहिला फड एकत्र तोडला. तेव्हा तूही बिनलग्नाचा होतास आणि मीही. आपण दोघंच तेव्हा एक कोयता होतो. सरूला जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा मी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो. तू म्हणालास, यंदा आराम कर. यंदाही तेच म्हणालास. आणि माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून माझ्या हातात चाव्या भरल्यास.

राग आहे मला तुझा. अजून आहे. मॅडम म्हणतात, राग आहे म्हणजे अजून तुमचं कुणीतरी आहे. त्या असलं काहीतरी बोलतात आणि मला ते बसमध्ये परत येताना कळतं.

दुसरी गोष्ट.

तुम्ही जाऊन महिनाभर झाला असेल. मी एका सकाळी सगळ्या चाव्या जमिनीवर मांडल्या. एकेक पुसली, खोबरेल लावलं, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. शेळ्या सोडून भिवराबाईच्या दारात नेऊन बांधल्या. मग चाव्यांचा जुडगा घेऊन तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, आत्या, एवढ्या सांभाळ.

तिनं जुडग्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "कुठं निघालास रं पंडिता?"

मी म्हटलं, दिपालीकडं.

"लेकीकडं निघालेला माणूस आसा रिकाम्या हातानं जातो व्हय? नातवाला खाऊ न्हाई, अंगात नीट सदरा न्हाई."

तिनं जुडगा उचलला आणि माझ्या मांडीवर टाकला. म्हणाली, "मी न्हाई घेत. मला डोळ्यानं दिसत न्हाई, मी हरवीन. ज्याची त्याला तूच दे, पाडव्याला. तवर कुठं जायचं न्हाई."

मग तिनं माझ्यापुढं तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवलं आणि सोलायला बसवलं. स्वतः आत गेली आणि वनिताला फोन लावला. तिच्या फोनचे आकडे मोठे आहेत, आवाजही मोठा आहे, मला सगळं ऐकू येत होतं. वनिता येईपर्यंत मी सोलत बसलो. म्हातारी दारात आडवी बसली होती, मला उठून जायला जागा राहू नये म्हणून.

मी कुठं निघालो होतो ते तुला कळलंच असेल. शब्द लिहीत नाही. तो लिहिला तर तू तो वाचशील, आणि तुझ्या डोक्यातून तो जाणार नाही.

गंमत अशी की ज्या चाव्यांनी मला इथं कोंडलं होतं, त्यांनीच मला थांबवलं. म्हणून मी त्यांचे उपकार मानावेत असं नाही. पाडव्याला सगळ्या परत करणार आणि पुढच्या वर्षी कुणाचीही घेणार नाही. मला घरं राखायची नाहीत. मला माणसांत राहायचंय.

पण पाडवा अजून लांब आहे, आणि आताही सगळं ठीक आहे असं समजू नकोस. तुझ्या त्या पाचटाच्या फोननंतरचा गुरुवार मी चुकवला. बाहेर पडलो तर लोक शर्ट बघतील, म्हणून गेलो नाही. अंथरुणात पडून राहिलो. शेळ्या ओरडत होत्या, त्यांना पाणीही दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो आणि पुन्हा तेच विचार दारात येऊन बसले. दुपारी फोन वाजला. मी उचलला नाही. तो पुन्हा वाजला. बघितलं तर दवाखान्याचा नंबर.

त्याच्या मागची गोष्ट सांगतो. माझ्यासारखा कुणी आला की मॅडम त्याच्या एका जवळच्या माणसाचा नंबर घेतात. पेशंट एखाद्या गुरुवारी आला नाही तर त्या माणसाला फोन करतात, म्हणजे तो जाऊन बघतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे नंबर मागितला होता. दिपालीचा द्यावा तर सासरी बोभाटा. भिवराबाईला दर वेळी धावायला लावायचं तिचं वय नाही. आणि तुझा द्यायला माझा राग आडवा आला. मग मी माझाच नंबर दिला. नाव दुसरं सांगितलं. म्हणून त्या गुरुवारी माझी चौकशी करायला त्यांनी मलाच फोन केला, आणि माझ्या जवळच्या माणसानं तो उचलला नाही.

पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तो नंबर लावला. माझ्या खिशात वाजला. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायला लागलो. बाहेरच्या बाकावरच्या बाईनं दारातून पाणी आणून दिलं, इतका मोठ्यानं रडलो. सरू गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. तेव्हा तू शेजारी उभा होतास आणि पाहुणे सांभाळ म्हणत होतास.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, आता खरा नंबर द्या. त्याशिवाय मला घरी जाऊन चैन पडणार नाही.

मी तुझा दिला. तुला न विचारता दिला.

नाव सांगितलं, गाव सांगितलं, सध्या कारखान्यावर आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या लांबून ते काय करणार. मी म्हटलं, मुकादम आहे, त्याच्या एका फोनवर गावातला माणूस पळतो. मग त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण?

आणि भागवत, मला सांगता येईना. मुकादम म्हणावं तर मी तुझ्या टोळीत नाही. पाहुणा म्हणावं तर आपली सोयरीक नाही. भाऊ म्हणावं तर भावकी वेगळी. मित्र म्हणायला गेलो तर तोंडात तुझं 'यंदा आराम कर' एवढंच आलं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, असू द्या, मीच त्यांना विचारते.

तर येत्या गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला तुला एका बाईचा फोन येईल. घाबरू नकोस. मला काही झालेलं नसेल. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेला असेन. त्या तुझं नाव विचारतील, मग माझं नाव घेतील आणि विचारतील, हे तुमचे कोण?

मला ऐकू येईल. तू जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. काहीच नाही म्हणालास तरी मी तुझ्यावर आळ घेणार नाही, दुसरा कुणीतरी शोधीन. पण कोयता खाली ठेवून फोन उचल. न उचलता सोडू नकोस.

वहिनींना नमस्कार. यातलं त्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा
(याच्यापुढं काय लिहायचं ते गुरुवारी कळेल)
पंडित